दोन पूल आणि एक भुयार

मुंबईविषयीच्या साहित्याचा विचार करताना आपल्या समीक्षेने एक सोयीची वाटणी करून ठेवली आहे. गिरणगाव मराठीचा, नागपाडा-भायखळा उर्दूचा आणि दादर तर मराठीचे माजघरच! नारायण सुर्वे, अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांची मुंबई एका कपाटात. मंटो, कृष्ण चंदर, राजिंदर सिंह बेदी यांची मुंबई दुसऱ्या कपाटात. या दोन्ही कपाटांच्या किल्ल्या एकाच माणसाच्या हाती क्वचितच सापडतात. मराठी मुस्लिम लेखक हा अशा क्वचित माणसांपैकी एक आहे, अशी आमची समजूत आहे. म्हणूनच एका उर्दू लेखकाने अमर केलेले मुंबईचे दोन पूल आणि त्या परिसराच्या पोटातून आता धावू लागलेली भुयारी रेल्वे, यांचा एकत्रित विचार येथे करावयाचा आहे.

कृष्ण चंदर (१९१४-१९७७) यांची ‘महालक्ष्मी का पुल’ ही कथा उर्दू माध्यमात शिकलेल्या पिढ्यांना ठाऊक आहे. त्यांची ‘दादर पुल के बच्चे’ ही कादंबरी त्या मानाने कमी चर्चिली गेली. योगायोग असा, की मेट्रो-३ या भुयारी मार्गावर आज दादर आणि महालक्ष्मी ही दोन्ही नावे आहेत. दादरचे स्थानक मे २०२५ मध्ये, तर महालक्ष्मीचे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रवाशांसाठी खुले झाले. आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा मार्ग. त्यावरील २७ स्थानकांपैकी २६ जमिनीखाली. पुलावर उभे राहून ज्या लेखकाने शहर पाहिले, त्याच्या दोन्ही पुलांच्या आसपास शहर आता जमिनीखाली उतरले आहे. तेव्हा प्रश्न असा, की पुलावरून दिसलेली माणसे भुयारातून दिसतील काय? आणि दिसणार नसतील, तर साहित्याने काय करावे?

उर्दूचे दादर

दादर आणि उर्दू हे नाते अनेकांना ओढूनताणून जोडल्यासारखे वाटेल. शिवाजी पार्क, नाट्यगृहे, पुस्तकांची दुकाने, १८९८ साली स्थापन झालेले आणि पुढे दादर पूर्वेस स्थिरावलेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, हिंदू कॉलनीतील राजगृह, चैत्यभूमी, ही दादरची ओळख. ती खोटी नाही, अपुरी आहे. याच दादरमध्ये चंदुलाल शहांची रणजीत मूव्हीटोन १९२९ पासून उभी होती. बोलपट आला आणि चित्रपटाला संवाद व गाणी लागू लागली. ती लिहिण्यासाठी उत्तरेकडून उर्दू लेखक मुंबईत आले. १९३६ साली लखनौला तरक्कीपसंद लेखकांची पहिली परिषद झाली, तिच्या प्रभावात वाढलेली ही मंडळी होती. पोटासाठी स्टुडिओ आणि मनासाठी चळवळ, अशी त्यांची दुहेरी मजुरी होती. स्टुडिओकडे येता-जाता त्यांना जे दादर दिसले, ते माजघरातले नव्हते. ते स्टेशनाबाहेरचे, फुटपाथचे, पुलाचे दादर होते. बाहेरून आलेल्या माणसाला घराचा उंबरा आधी दिसतो, तसेच हे झाले.

सहा साड्या

‘महालक्ष्मी का पुल’ या कथेचा आशय थोडक्यात सांगता येतो. पुलाच्या एका अंगाला महालक्ष्मीचे देऊळ आणि रेसकोर्स. दोन्हींकडे नशीब अजमावायला माणसे जातात. पुलाच्या डाव्या बाजूला सहा जुन्या, रंग उडालेल्या साड्या वाळत घातल्या आहेत. निवेदक त्या साड्यांच्या मालकिणींना नावानिशी ओळखतो. एकेका साडीतून एकेका बाईचा संसार, चाळ, गिरणी, उपासमार उलगडत जाते. पंतप्रधानांची गाडी तेथून जाणार आहे, ती थांबणार नाही. शेवटी निवेदक वाचकालाच विचारतो, की तू डाव्या बाजूला की उजव्या?

कथेचे सामर्थ्य तिच्या रचनेत आहे. धुणे वाळत घालणे ही रोजची, कोणाच्या लक्षातही न येणारी गोष्ट. तीच लेखकाने साक्षीदार म्हणून उभी केली. भाषण नाही, मोर्चा नाही. सहा कापडे वाऱ्यावर हलतात. डाव्या-उजव्याचा राजकीय अर्थ उघड आहे, परंतु तो आधी साध्या दिशेचा अर्थ म्हणून येतो. म्हणूनच चळवळीबाहेरच्या वाचकालाही ती कथा पटते.

आज त्याच पुलावर माणसे थांबतात ती धोबीघाट पाहायला. देशी-विदेशी पर्यटक खाली वाळणाऱ्या शेकडो कपड्यांची छायाचित्रे घेतात. कपडे तेच आहेत. नावे मात्र कोणी विचारत नाही. कृष्ण चंदर यांनी पाहणे आणि ओळखणे यांत जो फरक केला, तो समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण आम्हांस वर्गात देता आलेले नाही.

दादर पुलावरची मुले

‘दादर पुल के बच्चे’ या कादंबरीत साक्षात भगवंत मुंबईला येतो आणि दादरच्या पुलावर पोट भरणाऱ्या मुलांमध्ये वावरतो. कल्पना उपरोधाची आहे. देवाने निर्माण केलेल्या जगाचा हिशेब देवालाच फुटपाथवर बसून द्यावा लागतो. पूल म्हटले की दादरकराला १९२५ सालचा टिळक पूल आठवतो. पूर्वेच्या कॉलन्या आणि पश्चिमेचा बाजार जोडणारा हा पूल. त्यावरून जाणारा प्रत्येक जण कुठेतरी पोहोचायला निघालेला. कादंबरीतील मुले मात्र कुठेही जात नाहीत. पूल हेच त्यांचे गाव आहे. जोडण्यासाठी बांधलेल्या वास्तूवर कोणाशीही न जोडलेली मुले बसवणे, हा या कादंबरीचा गाभा होय.

तरीही ही कादंबरी ‘महालक्ष्मी का पुल’च्या उंचीला पोहोचत नाही, असे आमचे मत आहे. त्याची कारणे स्पष्टपणे मांडली पाहिजेत. पहिले कारण निवेदनाचे. कथेत साड्या बोलतात आणि लेखक बाजूला राहतो. कादंबरीत लेखक आणि देव मिळून बोलतात आणि मुले ऐकतात. दुसरे कारण भाषेचे. पुलावरचे पोर ज्या बोलीत ओरडते, ती मराठी, दखनी, गुजराती यांची भेसळ असते. कृष्ण चंदर यांची मुले बहुतांशी स्वच्छ, गोड उर्दू बोलतात. त्यांच्या गद्याचा तो लौकिकच होता, पण येथे तो आडवा येतो. तिसरे कारण करुणेचे. दया वाटावी अशी मुले रंगवणे सोपे असते. ज्यांच्यापुढे आपण ओशाळावे अशी मुले रंगवणे अवघड. कादंबरी पहिल्या वाटेने वारंवार जाते.

या तिन्ही उणिवा कोठे भरून निघतात, हे पाहायचे तर मराठीच्या कपाटाकडे यावे लागते.

पुलावरचे मूल जेव्हा लिहिते

नारायण सुर्वे (१९२६-२०१०) हे स्वतः रस्त्यावर सापडलेले मूल. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने त्यांना वाढवले. पुढे ते शाळेत शिपाई झाले आणि मग शिक्षक. कृष्ण चंदर ज्या मुलाकडे पुलावरून पाहत होते, ते मूल येथे स्वतः लिहू लागले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांत त्या मुलाला कोणाची दया नको आहे. आणि भाषा? त्यांची ‘शीगवाला’ ही कविता आठवावी. दाऊद चाचा आणि लिहू पाहणारा पोरगा यांच्या संवादात मराठी आणि मुंबईची हिंदुस्थानी अशी एकजीव झाली आहे, की ती वेगळी काढता येत नाही. उर्दूच्या मोठ्या लेखकाला जी बोली सापडली नाही, ती मराठीच्या कवीला सापडली; आणि ती एका मुसलमान माणसाच्या तोंडी सापडली. हा योगायोग नाही. दोघे एकाच रस्त्यावर जगत होते, एवढेच त्याचे कारण.

शाहीर अमर शेख (१९१६-१९६९) यांचे उदाहरण याच्या जोडीला ठेवावे. बार्शीत जन्मलेला हा मुसलमान शाहीर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा आवाज झाला. मराठीत गाणारा मुसलमान आणि उर्दूत लिहिणारा हिंदू: अमर शेख आणि कृष्ण चंदर एकाच शहरात, एकाच डाव्या विचाराच्या सावलीत वावरले. तरी आमच्या अभ्यासक्रमांत ते एका पानावर कधी येत नाहीत. भाषा म्हणजे धर्म, अशी जी गल्लत रूढ झाली आहे, ती या दोन नावांसमोर क्षणभरही टिकत नाही.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगली आणि त्यानंतरचे १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट, ज्यांची झळ दादरच्या प्लाझा चित्रपटगृहालाही बसली, यांनंतर मुंबईतील वस्त्या अधिकच वेगळ्या झाल्या. वस्त्या वेगळ्या झाल्या की वाचनही वेगळे होते. आमच्या उर्दू माध्यमाच्या वर्गातील मुले दादरला ईदच्या आणि लग्नाच्या खरेदीला जातात, परंतु दादर हे एका उर्दू कादंबरीच्या नावात आहे, हे सांगितल्यावर ती चकित होतात. मराठी माध्यमातील आमच्या शिक्षकमित्रांनाही तितकेच आश्चर्य वाटते. दोन्हीकडचे हे आश्चर्य हेच आमच्या मते काळजीचे कारण आहे.

दादर स्थानकात पश्चिम आणि मध्य अशा दोन रेल्वे आहेत. ९ डिसेंबर २०२३ पर्यंत दोन्हींचे फलाट आपापल्या एकपासून मोजले जात. म्हणजे एकाच नावाच्या स्थानकात दोन ‘एक नंबर’ होते आणि नवखा माणूस हमखास चुकत असे. त्या दिवसापासून पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ असे सलग क्रमांक झाले. रेल्वेला जे उमगले, ते साहित्याच्या इतिहासकारांना अद्याप उमगलेले नाही. त्यांच्या दादरमध्ये अजून दोन ‘एक नंबर’ आहेत.

भुयाराचे वाचन

आता भुयाराकडे येऊ. लोकलने दादरहून महालक्ष्मीला जाताना प्रभादेवी आणि लोअर परळ लागतात. जुन्या गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर, रुळांलगतच्या वस्त्या, वाळत घातलेले कपडे हे सारे खिडकीतून दिसते. भुयारी गाडी सिद्धिविनायक, वरळी, आचार्य अत्रे चौक आणि विज्ञान केंद्र असा वळसा घेऊन महालक्ष्मीला पोहोचते. खिडकीत दिसतो तो आपलाच चेहरा. गाडीतील सूचना सांगते, की दरवाजे कोणत्या बाजूला उघडतील. कृष्ण चंदर यांनी वाचकापुढे ठेवलेला डाव्या-उजव्याचा प्रश्न येथे सोडवूनच दिला आहे. प्रवाशाला निवड करावी लागत नाही.

यावरून आम्ही मेट्रोच्या विरोधात आहोत, असा अर्थ कोणी काढू नये. पुलाचे गुणगान करणाऱ्यांनी २९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ विसरू नये. दादरच्या पुढच्याच स्थानकात, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोडला, पावसात अडकलेल्या गर्दीची पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे मेली. रेल्वेच्या चौकशीत असेही पुढे आले, की कोणाची तरी फुले पडली, ‘फूल गिर गया’ असे कोणी म्हणाले आणि ते ‘पुल गिर गया’ असे ऐकले गेले. एका अक्षराच्या फरकाने काय होऊ शकते, हे भाषेच्या शिक्षकाला यापेक्षा भयंकर रीतीने कोण शिकवणार? अर्थात दोष त्या अक्षराचा नव्हता. अरुंद पुलाचा आणि वर्षानुवर्षे न ऐकलेल्या तक्रारींचा होता. ज्या शहरात पूल असे जीव घेतात, तेथे सरकता जिना, लिफ्ट आणि रुंद फलाट यांना नाके मुरडणे ही चैन आहे. बुरखा सांभाळत, कडेवर मूल घेऊन लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या बाईला भुयारी स्थानकातील मोकळी जागा म्हणजे काय, हे तिलाच विचारावे.

आमचा आक्षेप वास्तूला नाही, तिच्या वाचनाला आहे. भुयारी स्थानक हे निवडून घेतलेले दादर आहे. तेथे उतरण्यासाठी तिकीट लागते आणि परवान्याशिवाय काही विकणे हा २००२ च्या मेट्रो रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. तशी बंदी लोकल रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यातही आहेच. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई असल्याचेही ठरवले. परंतु जमिनीवर कायदा आणि पोट यांची रोज तडजोड होते. भुयारात ती होऊ शकत नाही, कारण पोट दारातच अडवले जाते. दादर पश्चिमेला कवी केशवसुतांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. समतेची तुतारी फुंकणाऱ्या कवीच्या नावाखाली फुले, भाजी, गजरे विकणाऱ्या बायका बसतात आणि पालिकेची गाडी आली की पळतात. त्या पुलाखाली जे घडते ते दिसते तरी. जे दिसते त्याची कधीतरी कथा होते.

‘दादर पुल के बच्चे’ची गोष्ट वर्गात सांगितल्यावर एका मुलाने विचारले, “मेट्रो में तो कोई बेचता ही नहीं, सर. फिर वो बच्चे कहाँ गए?” आम्हांला वाटते, आजच्या मुंबईविषयक साहित्यापुढचा हा मुख्य प्रश्न आहे. ती मुले शाळेत गेली, असे उत्तर देण्याची सोय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आम्हां शिक्षकांना दिली आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी तो कायदा आहे. परंतु सुट्टीच्या दिवसांत आणि सणांच्या तोंडावर वर्गातील कोणती बाके रिकामी राहतात आणि ती मुले कोणत्या बाजारात सापडतात, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत असते. मुले गेलेली नाहीत. फक्त पाहणाऱ्याची वाट बदलली आहे.

काय लिहावे?

येथे दोन मोह टाळावे लागतील. पहिला मोह स्मरणरंजनाचा: जुने दादर किती छान होते, ही तक्रार. कृष्ण चंदर यांचे दादर छान नव्हतेच. ते लाजिरवाणे होते, म्हणून त्यांनी लिहिले. दुसरा मोह रूपकाचा: भुयार म्हणजे कबर, भुयार म्हणजे नरक, असे लिहून मोकळे होणे. तसे लिहिणाऱ्याने भुयार पाहिलेलेच नसते. भुयारी स्थानकातही माणसे आहेत. फरशी पुसणाऱ्या बाया आहेत, कंत्राटावरील सुरक्षारक्षक आहेत, परराज्यांतून आलेले आणि बोगदे खणून निघून गेलेले मजूर आहेत. धारावी आणि वांद्रे-कुर्ला संकुल यांच्यामध्ये मिठी नदीच्या खालून हा बोगदा जातो. नदीखाली काम केलेल्या मजुराची एकही कथा मराठीत किंवा उर्दूत आमच्या वाचनात आलेली नाही. मधु मंगेश कर्णिकांनी माहीमच्या खाडीकाठचे जगणे ‘माहीमची खाडी’ (१९६९) या कादंबरीत आणले. त्या खाडीला मिळणाऱ्या नदीखालचे जग अद्याप लेखकाची वाट पाहत आहे.

हे लेखन कोणी करावे? आमच्या मते, ज्यांना दोन्ही लिप्या येतात त्यांनी. मराठी मुस्लिम साहित्याने आजवर आपल्या समाजाच्या आतल्या वेदना, स्त्रीचे प्रश्न, गावगाड्यातील सहजीवन यांविषयी मोलाचे लेखन केले आहे. महानगर मात्र बरेचसे सुटले आहे. महानगर म्हणजे आमचे मोहल्ले, एवढाच अर्थ आपण घेतला. दादर आपले नाही, असे इतरांनी सांगण्याआधी आपणच मनाशी ठरवून टाकले. हमीद दलवाईंच्या ‘इंधन’ने (१९६५) कोकणातले गाव मराठी कादंबरीत ठामपणे उभे केले. तेवढ्या ठामपणे दादरचा फलाट उभा करणारी कादंबरी आपल्याकडून यायची आहे.

तिची तयारी म्हणून काही साधी कामे करता येतील. ‘महालक्ष्मी का पुल’ मराठीच्या वर्गात आणि ‘शीगवाला’ उर्दूच्या वर्गात शिकवावी. त्यासाठी कोणत्याही मंडळाच्या परवानगीची गरज नाही, तासातील वीस मिनिटे पुरतात. दरवर्षी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या परिसरात पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि गावोगावचे गरीब वाचक पिशव्या भरून पुस्तके घेऊन जातात. ती गर्दी म्हणजे दादरने निर्माण केलेली एक मोठी वाचनसंस्कृतीच आहे. तेथे कृष्ण चंदर मराठीतून का असू नयेत? अमर शेखांची गाणी उर्दू लिपीत का असू नयेत?

कृष्ण चंदर यांची कादंबरी सदोष आहे, हे आम्ही वर म्हटलेच आहे. परंतु दोष असूनही तिने एक काम केले. रोज लाखो माणसे ज्या मुलांना ओलांडून जात होती, त्यांच्यासमोर तिने देवाला उभे केले आणि पाहायला लावले. भुयारी स्थानकाने त्या माणसांना खालून जाण्याची वाट करून दिली आहे. म्हणून आता लेखकाने वर यावे. गोखले रोडवर बाहेर पडून बाजारातून जुन्या स्टेशनापर्यंत पायी चालावे आणि वाटेत कोण बसले आहे, त्यांची नावे विचारून घ्यावीत.